पेरलेल्या चुका

देवरे सरांच्या शर्टाची बटणं एक घर सोडून लागलेली दिसली, तर ती त्यांनी मुद्दाम तशी लावली आहेत असं समजावं. एका पायात काळी चप्पल आणि दुसऱ्यात तपकिरी असली तरी तेच. असा अवतार करून सर सकाळी खाली उतरतात, गेटपाशी उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. येणारा आधी बटणांकडे बघतो, मग स्वतःच ओशाळतो, ‘काय सर, ऊन खाताय का?’ असं काहीतरी विचारतो आणि गाडी काढून निघून जातो. सरांचा चेहरा पडतो. चुकून एखाद्याने सांगितलंच की सर, बटण चुकलंय, तर मात्र सर खुलतात. ‘शाबास, सापडली,’ म्हणतात आणि खिशातून चार मनुका काढून त्याच्या तळहातावर ठेवतात. त्या मनुका मी पाहिल्या आहेत. खिशातले धागे चिकटलेले असतात. मी माझ्या वाट्याच्या तुळशीत टाकते.

आमची इमारत इंदिरानगरात. इथली माणसं सभ्य आहेत, म्हणजे तोंडावर कोणी काही बोलत नाही. बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असा निकाल सगळ्यांनी जिन्यात उभं राहून लावला होता आणि त्यात मीही होते. मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. उभा जन्म लोकांचे आवाज कानात घेतले आणि त्यातून माणसांविषयी माझं मत काही फार चांगलं झालं नाही. निवृत्तीनंतर कोणाशी फारसं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात बरोबर माझ्या खालच्या मजल्यावर देवरे सर राहायला आले.

सर सटाण्याकडचे. तिकडच्या शाळेत सगळी नोकरी गणित शिकवण्यात गेली. बायकोच्या किडनीच्या आजारापायी तिला घेऊन नाशिकला आले, कारण दर दोन दिवसांनी डायलिसिससाठी तिकडून येणं तिला झेपेना. सुमनबाई त्यांचं नाव. मी त्यांना जिन्यात दोन-चारदा भेटले असेन. बारीक, काटक बाई, आणि जिना चढताना दम लागला तरी नवऱ्याला बोलणं चालू. ‘पिशवी त्या हातात धरा, किल्ली या खिशात नाही, त्या खिशात आहे.’ मला वाटायचं, काय ही कटकट. त्या गेल्यावर सर गावाकडे परत जातील असं आम्ही धरून चाललो होतो. ते गेले नाहीत. मुलगा परदेशात. त्याने तिकडूनच एका शिकवणीच्या कंपनीशी वडिलांची गाठ घालून दिली. वडील कोणाशी तरी बोलत राहतील, मग आपण रोज फोन केला नाही तरी चालेल, असा त्याचा विचार असावा. हे मी म्हणते. सर असं काही म्हणत नाहीत.

कंपनी सहावी ते आठवीच्या मुलांना घरबसल्या ‘कॉम्प्युटेशनल थिंकिंग’ शिकवते. मला आधी वाटलं, सर कॉम्प्युटर शिकवतात. तसं मी बोलले तर म्हणाले, कॉम्प्युटरचं काही नाही यात ताई, तो बिचारा सांगितलं तेवढंच करतो. सांगायचं काय ते आपल्याला कळलं पाहिजे. मोठं काम दिसलं की त्याचे लहान तुकडे पाडायचे. तुकडे ओळीने लावायचे. आणि गाडं अडलं की कुठल्या तुकड्यात चूक आहे ती शोधायची. शेवटची गोष्ट सांगताना त्यांचे डोळे चमकले. प्रत्येक वर्गात ते एक चूक पेरून ठेवतात आणि मुलांनी ती शोधायची असते. पेरून हा शब्द त्यांचाच. वर्गात पेरून भागेना म्हणून मग ते इमारतीतही पेरायला लागले.

या विद्येचा आम्हाला बराच त्रास झाला. ‘तुकडे पाडा’ हे त्यांचं सगळ्यावरचं औषध. कोणाची मुलगी परीक्षेला घाबरली, तुकडे पाडा. पाण्याची मोटार जळली, तुकडे पाडा. वरच्या मजल्यावरचं जोडपं एकदा कडाकडा भांडत होतं, ऐकून आम्ही सगळे आपापल्या दाराआड उभे. सर एकटे वर गेले आणि दारात उभं राहून शांतपणे म्हणाले, ‘तुकडे पाडा.’ त्या बाईने दार आपटलं. तिच्या हातात त्या वेळी विळी होती असं नंतर कळलं.

मग सोसायटीचं सचिवपद त्यांच्या गळ्यात पडलं, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. त्यांनी फळ्यावर सूचना लावली की टाकी धुवायची आहे, मंगळवारी पाणी येणार नाही, सर्वांनी बुधवारी भरून ठेवावे. कोणी नीट वाचलंच नाही. मंगळवारी सकाळी अख्खी इमारत कोरडी. लोक तणतणत त्यांच्या दाराशी गेले तेव्हा सर मनुका घेऊनच उभे होते. म्हणाले, सूचना लावून चार दिवस झाले, मी वाट बघतोय. त्या संध्याकाळी त्यांचं सचिवपद गेलं. मला स्वतःला त्या दिवशी खालच्या नळावरून बादल्या वाहाव्या लागल्या, त्यामुळे मला त्यांची दया वगैरे काही आली नाही.

असा हा गृहस्थ एका दुपारी माझ्या दारात उभा राहिला. बटणं नीट लागलेली होती, ते बघून मलाच चुकल्यासारखं झालं. म्हणाले, ‘ताई, तुम्ही आवाज ओळखणाऱ्या. एक काम होतं.’

काम असं होतं. त्यांच्या वर्गात नाशिकमधली काही मुलं होती, काही निफाडकडची, आणि सटाण्याजवळच्या एका खेड्यातली एक मुलगी, भाग्यश्री. सातवीतली. पहिल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली. मुलं ‘प्रेझेंट सर’ म्हणत होती. भाग्यश्रीचं नाव आलं आणि ती तिच्या घरात बोलतात तशी म्हणाली, ‘हजर शे.’ दोन-तीन जण खुदकन हसले. बस, एवढंच. त्यानंतर तिचा माइक बंद झाला तो झालाच. कॅमेरा आधीपासून बंद होता. पडद्यावर एक काळा चौकोन आणि त्यात तिचं नाव. सर काही विचारत, तो चौकोन गप्प.

मी म्हटलं, हसणाऱ्यांना झापायचं होतं. सर म्हणाले, झापलं असतं तर त्या पोरीला वाटलं असतं की आपल्यामुळे रामायण झालं, मग ती आणखी आत गेली असती. त्यांना एवढंच कळत नव्हतं की ती खरोखर तिथे बसते की नुसता फोन चालू ठेवून निघून जाते. मी शेजारी बसून कान द्यावा, अशी त्यांची विनंती होती. माइक बंद असला तर काय ऐकू येणार, असं मी त्यांना सांगितलं. तरी गेले. मलाही संध्याकाळी दुसरं काही काम नसतं.

सरांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि त्याच्यासमोर कांद्यांची टोपली. मी बाजूच्या खुर्चीवर, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. पडद्यावर मुलांचे चौकोन. काहींत चेहरे, एकात नुसता छताचा पंखा, एकात सगळा वेळ कोणाचा तरी कान. खालच्या कोपऱ्यात तो काळा. सरांनी कांदे एका रांगेत मांडले. शेजारशेजारचे दोन कांदे बघायचे, डावा मोठा असेल तर जागा बदलायची, मग पुढचे दोन. टोकाला पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. बदलायला काही उरलं नाही की थांबायचं. यंत्राला मोठा ढीग दिसत नाही, त्याला एका वेळी दोनच दिसतात, असं ते सांगत होते. सांगता सांगता त्यांनी एक जागा उलटी बदलली आणि गप्प बसले.

‘सर, तिसरा कांदा,’ ओम म्हणाला. हा ओम नाशिकमधला, सर चुकायच्या आधी चूक पकडणारा. मुलगा हुशार आहे यात शंका नाही, मला तो आवडत नाही एवढंच. सरांनी त्याला शाबासकी दिली, पण नजर त्या कोपऱ्यातल्या चौकोनावर. वर्ग झाल्यावर मला म्हणाले, द्राक्षं घेतली असती तर निफाडची पोरं बोलली असती. कांदे तिच्यासाठी घेतले. तिच्या घरी रोज कांद्याच्या चाळीत बसून हेच करतात, मोठा कांदा एकीकडे, बारीक गोल्टी एकीकडे. ती चूक तिला माझ्या आधी दिसली असणार. दिसली आणि ती बोलली नाही, हे त्यांना फार लागलं होतं.

एकदा मात्र तिचा माइक चुकून उघडला. क्षणभरच. मी खात्यातली, तेवढं मला पुरलं. बाहेर बायकांचं बोलणं, कांद्याचा ढीग ओढल्याचा आवाज, आणि अगदी जवळ श्वास. फोन तोंडाशी धरून बसलेल्या माणसाचा श्वास. मी सरांच्या बाहीला हात लावून सांगितलं की ती आहे, तिथेच आहे, कान देऊन ऐकते आहे. सरांना एवढा आनंद झाला की पुढची पाच मिनिटं त्यांनी मुलांना काय शिकवलं ते त्यांना तरी माहीत असेल का, मला शंका आहे.

त्यानंतर सरांच्या चुका सोप्या व्हायला लागल्या. आधी त्या बारीक असत, हुशार मुलालाच दिसतील अशा. आता कोणालाही दिसाव्यात अशा. आठवड्याचे वार आठ. सूर्य पश्चिमेकडून वर. बैलाला पाय तीन. ओमसुद्धा कंटाळला. आणि मुलांच्या मागे आईवडील बसलेले असतात, हे सरांच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि त्यांनी पर्वा केली नाही, देव जाणे. कंपनीकडे तक्रार गेली की या सरांना साधं आठवड्याचे वार येत नाहीत.

कंपनीतल्या मुलीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. सर फोन स्पीकरवर ठेवतात. आवाज गोड, शिकवलेला गोड. आमच्याकडे नव्या मुलींना तसा आवाज काढायला सांगायचे, त्यामुळे पुढे काय येणार ते मला आधीच कळलं. तिने सरांचं खूप कौतुक केलं. मग सांगितलं की ही तुकडी पूर्ण करा सर, पुढच्या वेळेपासून आपण रेकॉर्ड केलेले तासच दाखवणार आहोत. तुमचेच तास घेतलेत, फक्त त्यातल्या चुका आम्ही कापून टाकल्यात, आता अगदी स्वच्छ झालंय.

‘मग मुलं काय करणार?’ सरांनी विचारलं.

‘बघणार ना सर,’ ती म्हणाली.

सरांनी फोन ठेवला आणि बराच वेळ टेबलावरच्या कांद्यांची टरफलं गोळा करत बसले. मला वाटलं आता चिडतील. मला चिडलेली माणसं सांभाळता येतात. ते चिडले नाहीत. म्हणाले, वर्ग गेला तर गेला, थोडेच तास राहिलेत, त्यात ती पोरगी एकदा बोलली पाहिजे. त्यांना बाकी काही नको होतं.

मला राग आला. एका मुलीपायी या माणसाने स्वतःचं हसं करून घेतलं, हातातलं काम घालवलं. मी फटकन म्हणाले की नाही बोलली तर काय बिघडतं, काही माणसं गप्प असतात, मीही असते, माझं काही अडलं नाही. तेव्हा सरांनी मला सुमनबाईंची गोष्ट सांगितली.

‘लग्न करून आणली तेव्हा ती बोलायचीच नाही. मी मास्तर आणि ती चौथीपर्यंत शिकलेली. तिला वाटायचं, तोंड उघडलं की चुकेल. मी गोडीने विचारून पाहिलं, रागावूनही पाहिलं. काही नाही. मग मीच चुकायला लागलो. सदरा उलटा घालायचा. आईला मामा म्हणून हाक मारायची. एक दिवस जेवताना म्हटलं, आज बुधवार. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, गुरुवार शे.’

‘आणि मग?’

‘मग कुठली थांबते. शेवटपर्यंत चुका काढल्या माझ्या. दवाखान्यात नळ्या लावलेल्या, तरी म्हणाली चष्मा पुसा.’ सरांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. ‘आता घरात चूक काढायला कोणी नाही ताई. चुकीचं बटण लावून दिवसभर फिरतो. कोणी बोलत नाही.’

मला फार वाईट वाटलं. मी उठले आणि वर आले.

याच सुमाराला आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली होती. एका सकाळी माझ्या दाराच्या कुलुपात कोणीतरी किल्ली फिरवत होतं. उघडून बघते तर सर. एक मजला जास्त चढून आलेले. मी हसून म्हटलं, सर, सापडली, हे माझं घर. ते हसले नाहीत. माझ्याकडे, मग दारावरच्या पाटीकडे बघत राहिले, आणि मग उशिराने ‘हो हो, शाबास’ म्हणून खाली उतरले. पेरलेली चूक असली की त्यांच्या मिश्या आधीच हसायला लागतात, कोणी बोलायची वाट बघत नाहीत. त्या दिवशी तसं काही नव्हतं. ही त्यांनी पेरलेली नव्हती, ती आपोआप उगवली होती. नंतर तशा आणखी दिसल्या. करपलेलं दूध, ओमला मारलेली दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या विद्यार्थ्याच्या नावाने हाक. मुलं चूक सापडली म्हणून ओरडायची आणि सर शाबासकी देऊन टाकायचे. मुलाला फोन करून सांगावं असं मी दोनदा ठरवलं. दोनदा सरांकडे बघून राहून गेलं.

शेवटचा तास आला. सरांनी दाढी केली होती, पांढरा शर्ट, बटणं सरळ. विषय होता घरापासून शाळेपर्यंत जायचं कसं, ते अशा माणसाला सांगायचं ज्याला स्वतःचं काहीच डोकं नाही. सर स्वतः तो बिनडोक माणूस झाले. मुलं सांगत होती, उठा, चार पावलं पुढे, डावीकडे वळा, आणि सर खोलीभर तसतसे चालत होते. एकदा भिंतीला धडकले, एकदा फ्रीजला. मुलं पोट धरून हसत होती. मीही हसले, हे कबूल करते. मग त्यांनी मुलांना सगळा रस्ता परत सांगून दाखवला आणि त्यात घराचं दार उघडायचं वगळलं. एवढं सोपं. सांगून गप्प बसले. ओमने तोंड उघडलं तसा सरांनी त्याला हाताने थांबवलं. कोपऱ्यातल्या चौकोनाकडे बघत थांबले. मुलंही थांबली, त्यांनाही काहीतरी कळलं असावं. चौकोन काळाच राहिला. शेवटी सरांनी हात खाली घेतला आणि ओम म्हणाला, सर, दार.

निरोप झाला. मुलांनी हात हलवले, थँक्यू म्हणाली, चौकोन एकेक करून गेले. सर खुर्चीत मागे रेलून बसले होते, डोळे मिटून. मी पाणी हवं का विचारलं. खिडकीतून समोरच्या मैदानावरच्या पोरांचा गलका येत होता. मग सर डोळे न उघडता, अगदी रोजच्या आवाजात, स्वयंपाकघराकडे मान करून म्हणाले, ‘सुमन, चहा टाक. ताई बसल्यात.’

मी त्यांच्या मिश्यांकडे पाहिलं. त्या हलत नव्हत्या. सर उत्तराची वाट बघत होते. मला चूक काढायची होती. हे मी कसं सांगणार होते, आणि मी कोण सांगणारी?

तेवढ्यात लॅपटॉपमधून खुट्ट आवाज आला. पडद्यावर एक चौकोन अजून होता. आम्हा दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. आधी श्वास आला. तो मी ओळखला.

‘सर,’ आवाज म्हणाला. ‘सर, हाई चूक शे.’

सरांनी डोळे उघडले. ‘कोण?’

‘भाग्यश्री.’

‘कुठली चूक?’

ती थांबली. तिच्या मागे कोणीतरी कांद्याची पाटी आपटली. मग ती हळू म्हणाली, ‘बाई नहीत ना आते. तुम्हीच सांगेल व्हतं.’

त्यांनी सांगितलं होतं, खरंच. सुरुवातीच्या कुठल्या तरी तासाला, माझी बायको गेली, म्हणून घरात कांदे मीच चिरतो, असं मुलांना म्हणाले होते. बाकी सगळी ते विसरली असतील. ही विसरली नव्हती.

सरांचे दोन्ही हात टेबलावर होते. ते त्यांनी उचलले नाहीत. इतके दिवस ज्या आवाजाची वाट पाहिली तो आला होता आणि हे घेऊन आला होता. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता की दुःख, मला नाही सांगता येणार. दोन्ही एकदम होतं, आणि मला ते बघवलं नाही. ते तिच्या बोलीत म्हणाले, ‘तुन्हं बरोबर शे.’ मग म्हणाले, ‘आते दुरुस्ती सांग.’

हा त्यांच्या वर्गातला नियम. ज्याला चूक सापडली त्यानेच ती दुरुस्त करायची. मला वाटलं आता ती पळेल. कुठल्याही पोराने पळ काढला असता. ती विचार करत होती. श्वास ऐकू येत होता.

‘चहा तुम्हीच करा सर,’ ती म्हणाली. ‘मी सांगस.’

सर उठले. मला लॅपटॉप उचलायला सांगितला. मी तो स्वयंपाकघरात नेऊन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. सर ओट्यापुढे हात सोडून उभे, मघाशी खोलीत चालले होते तसेच, सांगितलं तेवढंच करणारे.

‘पातेलं ल्या.’

घेतलं.

‘त्यामा दोन कप पानी टाका.’

‘दोन?’ सरांनी विचारलं.

‘त्या आजी शेतस ना तठे,’ ती म्हणाली.

म्हणजे मी कॅमेऱ्यात दिसत होते. पहिल्या दिवसापासून दिसत होते. आजी म्हटलेलं मला एरवी चालत नाही, पण तेव्हा मी काही बोलले नाही. सरांनी दोन कप पाणी मोजून टाकलं. साखर तिने सांगितली, ती सापडायला सरांना तीन डबे उघडावे लागले. ती थांबली. चहाची पूड सांगितली, ती टाकली. आलं आहे का विचारलं, नव्हतं. दूध टाका म्हणाली, दूध टाकलं. मग म्हणाली, आता उकळू द्या.

आम्ही उभे राहिलो. पातेल्यात पूड वर तरंगत होती. सर त्याकडे टक लावून बघत होते. काही उकळत नव्हतं. माझं लक्ष शेगडीच्या बटणाकडे गेलं, पण मी गप्प राहिले, कारण हे तिचं काम होतं. बराच वेळ गेला. तिकडे तिला पातेलं दिसत असावं, वाफ दिसत नव्हती.

‘सर,’ ती एकदम म्हणाली, ‘गॅस राही गया.’ आणि हसली. बारीकसं, तोंडावर हात ठेवून हसावं तसं.

सर हसले का ते मला दिसलं नाही, त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी लायटर घेतला. गॅस दोनदा विझला, मग पेटला. तिच्या आईने तिकडून हाक मारली, फोन मागितला. ती घाईघाईने म्हणाली की उतू जाऊ देऊ नका, आणि तो शेवटचा चौकोन गेला. पडद्यावर आता फक्त आम्ही दोघं दिसत होतो, ओट्याजवळ, दोन म्हातारी माणसं.

चहाला उकळी आली. सर बघत राहिले. चहा कडेला चढत होता आणि सर हात खाली सोडून उभे होते, पुढे काय करायचं ते कोणीतरी सांगेल म्हणून. त्यांना पुढचं खरंच आठवत नव्हतं, का ते नुसता नियम पाळत होते, हे मी विचारलं नाही. मी त्यांच्या जवळ जाऊन उभी राहिले.

‘सर,’ मी म्हटलं, ‘आता गॅस बंद करा.’

त्यांनी बंद केला.

‘आता फळीवरचं गाळणं घ्या,’ मी म्हटलं.